मागून आणलेली श्रीमंती

येरवडा, पुणे
२८ जुलै २०२५

ती. शालनआत्यास,
अस्मिताचा सप्रेम जय भीम.

फोनवर मी नुसती ‘हो आत्या’ म्हणते, अशी तुझी तक्रार. म्हणून हे पत्र. फार्मसीला प्रवेश मिळाला. सरकारी शिष्यवृत्ती मागाहून येते, कॉलेज पैसे आधी मागते. बाबा म्हणतात, होईल काहीतरी. कसे, असे विचारले की ते ड्यूटीच्या बुटांना पॉलिश करायला बसतात. ते पहारा देतात त्या खराडीच्या फाटकावर इतके चकचकीत बूट कोणाचेच नसतील.

सदाशिव पेठेतली एक संस्था मुलींची फी भरते. तिथले श्रीनिवासराव १० तारखेच्या रविवारी घर पाहायला येणार आहेत. आमची अडचण त्यांना पटली तर मी गोळ्या बनवायला शिकेन. नाही पटली तर मेडिकलच्या दुकानात त्या विकेन.

आई बरी आहे. तुझा लोभ आहे, हे धरूनच चालते.

तुझी,
अस्मिता


फलटण
२ ऑगस्ट

चि. अस्मितास,
अंगणवाडीच्या मुलांना वाटून उरलेले सगळे आशीर्वाद.

पहिल्यांदाच एवढे मोठे माणूस घरी येते आहे. त्यांना पत्र्याच्या डब्यावर बसवू नका. वहिनीला सांग, पाहुण्याने नाव काढले पाहिजे. पोह्यांत साखर घाला, पेठेतली माणसे आहेत. तुझ्या बाबाला, दशरथला म्हणावे, कमी बोल. शाळेत अंगात ताप असला तरी तो गुरुजींना ‘बरा आहे’ म्हणायचा.

पत्र पोचल्याचे कळव. लोभ करायला मी समर्थ आहे, तू अभ्यास कर.

आत्या


येरवडा
२० ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम, थोड्या रागासह.

तुझे पत्र मी आईला वाचून दाखवले. तिथेच घात झाला.

आईने शेजारच्या तनुजाकाकूंची सोफ्याची खुर्ची आणली, धम्मदीपदादाचा टीव्ही आणला, समोरच्या काकींचे काचेचे टीपॉय आणले. फ्रीजही येत होता, पण दारात अडकला. मी म्हटले, आई, ते गरिबी पाहायला येताहेत. ती म्हणाली, मग काय पाहुण्यांसमोर पसरून ठेवू?

श्रीनिवासराव खुर्चीत बसले. टीव्हीकडे पाहिले. फी भरायला जमेल का, असे त्यांनी बाबांना विचारले. बाबा गणवेशात, ताठ. म्हणाले, काही कमी नाही, साहेब. श्रीनिवासरावांनी पेनाला टोपण लावले. माझे कॉलेज तिथेच संपले.

तेवढ्यात धम्मदीपदादा आला. सामना सुरू व्हायचा होता. तो टीव्ही उचलून घेऊन गेला. मागोमाग काकी आल्या. त्यांनी पोह्यांची बशी श्रीनिवासरावांच्या हातात दिली आणि टीपॉय नेले. मग तनुजाकाकू. त्यांच्याकडे पाहुणे आले होते. त्या खुर्चीकडे पाहत नुसत्या उभ्या राहिल्या. श्रीनिवासराव उठून म्हणाले, न्या. मला न्यायला कोणी येणार नसेल तर मी थांबतो.

ते चटईवर बसले. टोपण काढले. बाबांना पुन्हा तेच विचारले. बाबा माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा श्रीनिवासरावांनी मला सांगितले, माझी स्कूटर जागेवर आहे का बघून ये, आणि सावकाश बघ.

स्कूटर जागेवर होती. मी तिच्याभोवती बराच वेळ घालवला. परत आले तेव्हा बाबा चटईवर त्यांच्या शेजारी बसले होते.

काल संस्थेचा फोन आला. फी ते थेट कॉलेजात भरणार आहेत. बाबा काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारले नाही. आईने मात्र तुझ्या साखरेची मोठी स्तुती झाल्याचे कळवायला सांगितले आहे.

राग ओसरला. लोभ होता तेवढाच ठेव, पुरतो.

तुझी,
अस्मिता


फलटण
२५ ऑगस्ट

चि. अस्मितास,
आशीर्वाद. या वेळी आधी तुला, मग अंगणवाडीला.

दशरथचा मला फोन आला होता. काय बोलला, ते त्याने शब्दन् शब्द सांगितले. मी तुला सांगणार नाही. विचारले नाहीस, हे बरे केलेस.

आता एक कर. तो फाटकावरून आला की त्याच्याजवळ तुझे पुस्तक घेऊन बस. काय वाचतेस, असे तो विचारेल. न कंटाळता सगळे सांग. त्याला कळणार नाही. तो कळले म्हणेल. तूही कळले असे धरून पुढचे पान उलट.

इकडचा लोभ मुक्कामी सुखरूप आहे.

आत्या