ओढलेल्या पडद्याशी बोलू नये

४ मार्च

समस्त मानवजातीला कळावं, की आज माझ्यावर घोर अन्याय झाला. केस कापून घ्यायचा माझा वार, आणि शेजारच्या न्हाव्याचा पडदा ओढलेला! बटा डोळ्यांत शिरताहेत, कानांवर जंगल माजलंय. खाली पृथ्वीवर असतो तर आरसा धरून स्वतःच कात्री चालवली असती. इथे एक केस हवेत उडाला की हवा गाळणाऱ्या जाळीत जाऊन बसतो, आणि अख्ख्या गल्लीचा श्वास कोंडतो. म्हणून या अंतराळ वसाहतीत कात्री एकाच माणसाच्या हाती – केस ओढून घेणाऱ्या नळीसकट. त्याने पडदा ओढला की आम्ही अस्वलं!

पण ओढला म्हणजे ओढला. इथे दारं नाहीत. एवढं वजन खालून आणायचं कुणी? म्हणून रीत पडली – पडद्यामागचा माणूस घरात नसतो. तो खोको, रडो, बायकोशी भांडो, आपल्याला ऐकू आलेलं नसतं. ही रीत नव्हती तेव्हा पहिल्या वर्षी दोन खून होता होता राहिले. आता पोरं चालायच्या आधी हे शिकतात. खालून पाहुणे आले की आम्ही छाती फुगवून सांगतो – ही आमची संस्कृती. दुसरं दाखवण्यासारखं आहे काय इथे?

५ मार्च

पडदा तसाच. सकाळी आतून आवाज आला – "अहो शेजारी!" थोड्या वेळाने पुन्हा – "अहो शेजारी!"

मी सभ्य माणूस. ऐकलं नाही.

बायको म्हणाली, "अहो, तुम्हालाच हाक मारतोय."

"कोण? तो घरात नाहीये."

"मग कोण ओरडतंय, भूत?"

आमची लेक इथेच जन्मली, आभाळ तिने चित्रातच पाहिलंय. ती मान खाली घालून पुटपुटली, "आई, असं मोठ्याने काय बोलतेस! लोक काय म्हणतील?" लेकीचं मला कौतुक वाटलं. वळण माझंच.

६ मार्च

आज आवाज नाही. चला, सुटलो! बट नाकापर्यंत आली.

७ मार्च

बायकोने न्हाव्याचा पडदा ओढून उघडला. भर दुपारी, साऱ्या गल्लीदेखत!

जेवता जेवता ताट सरकवून उठली. "त्याचे जेवणाचे डबे तसेच पडलेत बाहेर. खड्ड्यात गेली तुमची संस्कृती!" मी हात धरायला गेलो, तर असा झटकला की अजून मनगट दुखतंय.

तो जमिनीवर होता. खुबा मोडलेला, ओठांना भेगा. पडद्याचं टोक मुठीत. त्याने पडदा ओढलाच नव्हता! स्टुलावरून पडताना आधाराला धरला आणि तो आपोआप सरकत बंद झाला. गल्लीला वाटलं, बुवाला एकांत हवाय. पडद्याखालून डबे सरकवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. असं वागणं आमच्यात आगाऊपणाचं.

बायकोला बघून तो म्हणाला, "माफ करा वहिनी. मी फार आवाज केला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुबा बसवू. पाण्यावाचून मूत्रपिंडं मात्र... बघू."

माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. केस डोळ्यांवर होते, ते बरं झालं.

९ मार्च

गल्लीची बैठक. अध्यक्षबाईंनी विचारलं, "कुणी हाक ऐकली होती का?"

शिंपीण त्याच्या समोर राहते. ती म्हणाली, "छे!" त्याच्या मागच्या खोलीतला वायरमन म्हणाला, "पडद्यामागचं कसं ऐकू येईल?" एकूण आमची गल्ली ठार बहिरी. मीही नाही म्हणालो. मुंडी हलवायला काय लागतं?

बायकोला पडदा उघडल्याबद्दल समज! "हेतू चांगला होता म्हणून एवढ्यावर भागलं," असंही ऐकवलं. आणि तोडगा निघाला – प्रत्येक पडद्याआड घंटा बसवायची. घंटा ऐकणं सभ्यपणाचं, माणूस ऐकणं असभ्यपणाचं. टाळ्या!

घरी आल्यावर बायकोने तिच्या खाटेचा पडदा ओढला. रीतीप्रमाणे सध्या मला बायको नाही.

१० मार्च

नाहीच.

११ मार्च

अध्यक्षबाई दवाखान्यात जाऊन आल्या. पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितलं, "न्हावी शुद्धीवर आहे. म्हणतो, मी कुणाला हाक मारलीच नव्हती."

गल्लीचा जीव भांड्यात पडला. लेक म्हणाली, "बघा बाबा, किती सुसंस्कृत माणूस!"

संध्याकाळी मीही दवाखान्यात गेलो. त्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. नर्सने डोळे वटारले. मी बाहेर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ओ!"

आत श्वास थांबल्यासारखा वाटला.

हाका दोन होत्या. म्हणून आणखी एकदा – "ओ!"