आईची रविवारची शिकवणी

मयूर विहार, फेज १, दिल्ली
१९ मार्च २०२५

चि. समर्थ यास,

अनेक आशीर्वाद. हे पाकीट तू न फोडताच कपाटात टाकशील अशी मला शंका आहे. तसं करू नकोस. मेसेज तू वाचत नाहीस, फोनवर विषय बदलतोस, आणि व्हिडिओवर दिसतोस तोही पडदे ओढलेल्या खोलीत, टोपी डोळ्यांवर ओढून. म्हणून म्हटलं, कागदच बरा. कागदाला मध्येच "ताई, कोच बोलावतोय" असं सांगून कटवता येत नाही.

इकडे सगळे ठीक. थंडी संपली, कूलर साफ करायचा राहिलाय. बाबा दर शनिवारी नेमाने कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये जातात. मंत्रालयातले त्यांच्याबरोबर रिटायर झालेले सगळे तिथे जमतात आणि बाबा त्यांना फोनवर तुझ्या मॅचेस दाखवतात. मागच्या वेळी विश्वनाथकाका म्हणाले, "शशिकांत, आधी मिसळ खाऊ दे यार, पोरगा कुठे पळून जात नाहीये." जूनमध्ये तू राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या शिबिराला येणार, हे आता आपल्या सोसायटीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे.

मी संशयी आहे हे मला मान्य आहे. नोएडात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या म्हणजे सवय लागतेच. हेरंब म्हणतो, मी घरी येऊन नवऱ्याचंही टेस्टिंग करते. पण या वेळी सुरुवात माझ्यापासून झाली नाही. ती तुझ्या रविवारच्या फोनपासून झाली.

तुझा फोन आला की आई आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायला लागली. आपली आई! जिनं एवढ्या वर्षांत तुझ्या खेळाबद्दल "पडला नाहीस ना?" यापलीकडे काही विचारलं नाही. एका रविवारी मी वरच्या मजल्यावर आई-बाबांकडे गेले होते, तेव्हा दाराला कान लावला. हो, लावला. आई म्हणत होती, "सात, दोन, नऊ, चार." मग शांतता. मग, "चुकलं. पुन्हा सांगते."

आमच्या ऑफिसात निम्मी मुलं मोबाइलवर सट्टा खेळतात, त्यामुळे डोक्यात पहिलं तेच आलं. वाटलं, तिकडे परक्या देशात कुणीतरी याला गाठलंय आणि हा आईच्या तोंडून आकडे मागवतोय. हेरंबला सांगितलं तर तो उखडलाच. "काहीतरीच काय! समर्थ आणि सट्टा? बिल्कुल नाही. तू ना, अति करतेस यार."

तरी मी जानेवारीपासूनच्या तुझ्या सगळ्या मॅचेस पुन्हा बघितल्या. मेट्रोत, जेवताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. तू मुद्दाम गोल होऊ देतोस का, ते शोधत होते. सख्ख्या भावाबद्दल असं शोधताना काय वाटतं ते तुला सांगून कळणार नाही. तसं काही सापडलं नाही, पण दुसरंच दिसलं. तू हेडर मारत नाहीस, चेंडूला डोकं लावतच नाहीस.

तू स्टॉपर आहेस रे, बचावफळीच्या मधला. आंबेडकर स्टेडियमवर अंडर-फिफ्टीन खेळायचास तेव्हापासून हवेतला चेंडू म्हणजे तुझा. कोलकात्याच्या क्लबनं तुला नेलं ते त्यासाठी, मग गोव्यानं, आणि माल्टाच्या या क्लबनंसुद्धा. आता उंच चेंडू आला की तू एक पाऊल मागे सरतोस, टप्पा पडू देतोस आणि पायानं काढतोस. कॉमेंटेटर तुझ्या शांतपणाचं कौतुक करतो. मी मात्र मनाशी म्हटलं, संपलं, विकला गेला आपला समर्थ.

मग मी सरळ आईलाच विचारलं. ती हसायला लागली. "तुला सांगू नकोस म्हणाला होता. तू चेष्टा करशील म्हणून." मग सगळं सांगितलं. एकाग्रतेसाठी कोचनं सराव दिलाय. आईनं आकडे सांगायचे, तू उलटे म्हणायचे. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने मागे म्हणायचे. आईनं पाच शब्द द्यायचे, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि थोड्या वेळानं ते शब्द पुन्हा विचारायचे. सांगताना तिचा चेहरा काय खुलला होता! म्हणाली, "इतकी वर्षं नुसते त्याचे मोजे धुतले. आता त्याच्या खेळात माझाही हात आहे."

तिची एकच तक्रार होती. "शब्द सांगितले परात, झारा, किसणी, पाट, उलथणं. दोनच आठवले त्याला. दिल्लीत वाढवलं ना, मराठी राहातच नाही मुलांच्या डोक्यात. चांगली रागावले मी."

मीही "अच्छा" म्हणून हसले. पण घरी आल्यावर ते टोचायला लागलं. परात तू विसरशील? लहानपणी गच्चीत परात उलटी टांगून, तिच्यावर चेंडू आपटून अख्ख्या बिल्डिंगची झोपमोड करणारा तू? आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणाली की मागच्या खेपेला तिनं दया येऊन हिंदी शब्द दिले होते, कंघी, साबुन, चादर असले. तेही तुला आठवले नव्हते.

सोमवारी डबा खाताना आमच्या टीममधली लतिका नवऱ्याबद्दल सांगत होती. तो स्कूटीवरून घसरला, डोकं आपटलं. "डॉक्टर बोले, महीने उल्टे सुनाओ. फिर पाँच शब्द दिए, कहा थोड़ी देर में पूछूँगा." माझा घास हातातच राहिला.

जानेवारीतली ती मॅच मी पुन्हा लावली. गोलकीपरचं कोपर तुझ्या डोक्यात बसलं. तू उठलास, गुडघ्यावर पडलास, पुन्हा उठलास आणि शेवटपर्यंत खेळलास. बाबांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतरचा तुझा तो अंधार, ती टोपी; उजेड सोसत नसणार. आणि आपल्या मावसभावाच्या, निखिलच्या मुलीचं बारसं झालं का, हे तू दर रविवारी नव्यानं विचारतोस. आम्हाला वाटायचं, किती आठवण ठेवतो!

पाय मोडला असता तर तुला लपवता आला नसता. शिबिरासाठी क्लबच्या डॉक्टरांनी हीच परीक्षा घेऊन दिलेला दाखला लागतो, तू एकोणतीसचा आहेस आणि हे बोलावणं पुन्हा येणार नाही. मला हे कळत नाही असं समजू नकोस. पण डोकं बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं, ते मी वाचलंय. ते इथे लिहायला हात धजत नाही. मला फार भीती वाटते रे.

आता जे सांगायचं टाळत मी इथवर आले, ते सांगते. काल आईला मी सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून तिनं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षा त्याच्या दुखण्याची होती, आणि मी त्याला उत्तरं पाठ करून देत होते." परात बाजूला सारून म्हणाली, "आणि विसरला म्हणून वर रागावले गं त्याला."

मला वाटलं, रडेल. रडली नाही. हात धुतले आणि म्हणाली, "त्या डॉक्टरांना लिही. मी सांगते तसं." तिनं मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत घातलं. "माझा मुलगा तुमच्या परीक्षेत पास झाला तर खरं मानू नका. मी त्याची तयारी करून घेतली आहे. मला माहीत नव्हतं. त्याला मैदानावर सोडू नका. मीनाक्षी, समर्थची आई."

"पाठव" म्हणाली. मी पाठवलं. हे पत्र पोचेपर्यंत डॉक्टरांनी तुला बोलावलेलं असेल, आणि कुणी सांगितलं याचा तू विचार करत असशील. आईचं नाव घेऊ नकोस. माझं घे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी कँटीनला निघायच्या आत सांगावंच लागेल.

रविवारी फोन कर. आई घेईल. आकडे सांगणार नाही, शब्द विचारणार नाही. तू नुसतं बोल. बोलता बोलता अडलास तर अडू दे, तिला कसलीच घाई नाही.

तुझा जून हिरावून घेणारी,
तुझी ताई
अपूर्वा