चोचीची लांबी

४ जून

मारलंच त्याने! तळ्याकाठच्या बोरूच्या बेटात वटवट्या पक्षी दिसला. मी म्हणालो, "लांब चोचीचा वाटतो रे." मेहुण्याने छर्ऱ्याची बंदूक उचलली. मी नको नको म्हणेपर्यंत बार झालासुद्धा.

जन्मभर संग्रहालयात मेलेल्या पाखरांत भुसा भरत आला हा. त्याचं एकच — "दाजी, हातात आल्याशिवाय पाखरू ओळखता येत नाही."

आलं हातात. छर्ऱ्याने नेमकी चोच उडवलेली! तोंडाच्या जागी लाल लगदा. साधा वटवट्या आणि लांब चोचीचा अंगाने अगदी सारखे — तोच मातकट रंग, तीच पुसट भुवई. फरक काय तो चोचीत. आणि चोचच नाही.

"आता ओळखायला याची जोडीदारीण लागणार," म्हणाला. रक्ताचा हात विजारीला पुसला.



५ जून

मादी घरट्यावर आहे. बोरूच्या काड्यांना विणलेली वाटी, खाली अंडी. चिखलात उभं राहून दुर्बिणीतून पाहिली. चोच लांब. लांबच! लांब चोचीचा इकडे कुणीच पाहिलेला नाही. मी छापखान्यात कागद कापणारा, चौथी शिकलेला — मला दिसावा?

मेहुण्याला सांगायचं नाही. सांगितलं तर मारील. पण मग हे कुणाला सांगू? माझी ही जिवंत असती तर हिला सांगितलं असतं. हिचाच भाऊ तो.

६ जून

सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही!

लगेच बंदूक पुसायला बसला. "दाजी, एवढं एक भरून ठेवलं की दोघांचं नाव राहील."

"तिच्याखाली अंडी आहेत रे!"

"अंडीपण ठेवू. कापसात."

दुर्बिणीची तिवई उचलून मी त्याच्या पाठीत घातली. कशी घातली, मलाच कळलं नाही. पुन्हा घातली. तो वळला आणि कोपर माझ्या तोंडावर हाणलं. पुढचा दात गेला. मग मी त्याचे केस धरले — असतील नसतील तेवढे. लेक स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

"बाबा! मामा! पाखरापायी एकमेकांचा जीव घेता का?"

"तुझ्या बापाला विचार," मामा म्हणाला.

७ जून

हिरडी ठणकते आहे. बंदूक माळ्यावर, जुन्या गादीत लपवली. सापडली तर? सापडणारच.

८ जून

सापडली! सकाळी त्याचं अंथरूण रिकामं. धावत गेलो. तो बोरूत, नळी घरट्याकडे. मी नळी धरून ओढली. तो शिव्या देत होता. मी त्याच्या हाताला कडकडून चावलो, उरलेल्या दातांनी. सोडेना, तेव्हा ढकलला. सगळा जोर लावून ढकलला.

बार आभाळात गेला. तो पालथा पडला, कापलेल्या बोरूच्या खुंटांवर. एक खुंट उजव्या डोळ्यात.

ओरडला नाही. बोटांतून रक्त गळत होतं, आणि म्हणाला, "दाजी, दिसेना."

९ जून

दवाखान्यात त्याचा डोळा काढला.

लेकीला त्यानेच सांगितलं, "पाय घसरला गं." माझं नाव घेतलं नाही. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघत राहिलो. पोलीस येतील का? आले तर काय सांगायचं? वटवट्या?

१२ जून

आज तळ्यावर गेलो. निदान ती तरी आहे की नाही, बघावं म्हटलं.

घरट्यावरून उठली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर काडीवर बसली. चोच काडीला घासू लागली. या बाजूने, त्या बाजूने. टोकाला वाळलेला चिखल चिकटला होता. खपली सुटून पाण्यात पडली. खाली चोच उरली — आखूड.

साधा वटवट्या! या तळ्यावर हवे तेवढे सापडतील, तसला. मी तिथेच चिखलात बसकण मारली.

१३ जून

दवाखान्यात गेलो. अर्ध्या तोंडावर पट्टी. माझी चाहूल लागताच त्याने विचारलं, "दाजी, नीट पाहिलीस ना? लांब होती ना रे?"

कसं सांगू आखूड?

"लांब," मी म्हणालो. "चांगली लांब."

हसला. माझा हात दाबला. "मग डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकतो."