तिसऱ्या वॉर्डातली मोकळी ओळ

१२ ऑक्टोबर, शनिवार

वांडाला उभं करताहेत! वांडा हुडाकला! नगर परिषदेच्या जागेसाठी!

वीस वर्षं या तिसऱ्या वॉर्डात डेमोक्रॅट पक्षासाठी दारं वाजवतेय मी. पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हा अख्खी गल्ली आमची होती. तो बंद पडला आणि एकेक घर रिपब्लिकनांकडे झुकलं. आता राष्ट्राध्यक्षाला मत त्यांचं, आणि रस्ते-कचऱ्याच्या निवडणुकीत जुन्या सवयीने आमचं. कोणत्या घरात नवरा तिकडे आणि बायको इकडे, मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि तिकीट कोणाला? जिने जन्मभर लोकांच्या लग्नात केकशेजारी मांडतात त्या कुकी-टेबलासाठी कुकीज भाजल्या, तिला!

पक्षाचे इथले अध्यक्ष गॅरिटी म्हणाले, "रोझेला, तू लोकांशी वाद घालतेस. वांडाला लोक आत बोलावून कॉफी देतात."

वर मलाच तिच्या प्रचाराला जुंपलंय.

१३ ऑक्टोबर

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं, झालं.

१९ ऑक्टोबर

वांडाबरोबर घरोघर फिरले. केलरच्या अंगणात हा भलामोठा रिपब्लिकन झेंडा. मागे एकदा मला त्याने पाण्याच्या पाइपने भिजवून हाकललं होतं. तोच केलर वांडाला म्हणतो, "माझ्या पोरीच्या लग्नातली तुझी ती जर्दाळूची कुकी! अजून चव आहे तोंडात. लाव तुझी पाटी, कुठे हवी तिथे लाव." झेंड्याला खेटून तिची, आमच्या पक्षाची निळी पाटी! मातीत ठोकली कोणी? मी.

वांडा लाजून म्हणते, "हे सगळं तुझ्यामुळे गं. मला कुठे बोलता येतं!" तिचं हे लाजणंच मला सहन होत नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या तळघरात पिरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं जेवण. सगळे तिच्याभोवती. एमिलसुद्धा — माझा नवरा! — "वांडा, निवडून आलीस की आमच्या दारातला खड्डा बुजव बाई." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे याने मिठाशिवाय काही मागितलं नाही.

ताटात नेहमीसारखा एक पिरोगी उरला. शेवटचा आमच्यात कोणी उचलत नाही, बरं दिसत नाही ना! वांडाने ताट माझ्याकडे सरकवलं, "तू घे." मी तिच्याकडे सरकवलं. शेवटी तो कचऱ्यात गेला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. मतपत्रिकेवर वांडा हुडाक. तिच्याखाली तो टायरवाला रिपब्लिकन, डेल स्ट्रॉसर. त्याच्याखाली मोकळी ओळ — हव्या त्या माणसाचं नाव लिहा.

मी माझं लिहिलं.

डेलला देणं शक्यच नव्हतं, हात झडला असता. आणि वांडाला द्यायला हात उठेना. एका मताने असं काय होतंय!

बाहेर वांडा थंडीत उभी, नाक लालेलाल. मला मिठी मारली. मी म्हटलं, "दिलं गं तुला."

८ नोव्हेंबर

बरोबरी! वांडा आणि डेल, दोघांना अगदी सारखी मतं!

एमिल पेपर वाचत होता. "मोकळ्या ओळीत कोणीतरी स्वतःच्या कुत्र्याचं नाव लिहिलंय. आणि — अगं रोझेला! तुला दोन मतं!"

दोन?

"एक तुझं का रे?" मी विचारलं.

"मी वांडाला दिलं. खड्डा बुजायला हवाय मला."

९ नोव्हेंबर

लाज वाटायला हवी. वाटतेय थोडी. पण दिवसभर डोक्यात तेच — या वॉर्डात एक तरी माणूस आहे, ज्याला वांडापेक्षा मी बरी वाटले! समोरची म्हातारी मिसेस पावलिक? केलर तर नव्हे? आज सगळ्यांना हसून हात केला. केलरलाही.

१९ नोव्हेंबर

बरोबरी झाली की इथे चिठ्ठी टाकतात. आज काढली. डेलची निघाली.

वांडाने त्याचं अभिनंदन केलं, वर डब्यातल्या कुकीज दिल्या. मग माझ्या गाडीत बसून ढसाढसा रडली. "मला खरंच हवं होतं गं. कोणाला बोलले नाही, पण फार हवं होतं."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घरी येऊन जेवलेही नाही.

२० नोव्हेंबर

वांडा आली होती. "एमिल सांगत होता, तुला ती दोन मतं कोणी दिली ते तू गल्लीभर विचारत फिरतेस. एक माझं होतं गं. आपल्याच नावापुढे खूण करायची म्हणजे ताटातला शेवटचा पिरोगी उचलल्यासारखं वाटलं. म्हटलं, खरा मान तुझा. आणि तू मला देणारच होतीस."

मग म्हणाली, "पण दुसरं कोणाचं असेल?"

मी म्हटलं, एमिलचं.