पुट्टीखालचे खड्डे

२ मार्च, सोमवार
लेकीकडे आलो, आता कायमचाच. जावयाने सामान स्वतः उचललं, मला बोटही लावू दिलं नाही. वेधशाळेत मोठा शास्त्रज्ञ, पण आवाज इतका हळू की प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते. घर छान. भिंती मात्र कळाहीन. जन्मभर रंगारी होतो, हात शिवशिवले. लेक म्हणाली, बाबा, आल्या आल्या ब्रश काढलात तर पेटी गच्चीवरून फेकीन. खूप हसलो.

४ मार्च, बुधवार
जेवताना जावयाने त्याचं काम समजावलं. आकाशगंगेच्या मधोमध म्हणे एक कृष्णविवर आहे. आता अगदी गप्प, पण पूर्वी भडकलं होतं. मी विचारलं, बघायला कोण गेलं होतं? तो हसला. म्हणाला, मामा, मधल्याकडे बघून काही कळत नाही. भोवतालच्या वायूच्या ढगांवर त्या भडक्याचा उजेड अजून रेंगाळतोय, तो बघायचा. परत भडकेल का? तर म्हणाला, काही आत पडलं की. लेक मान खाली घालून जेवत होती.

७ मार्च, शनिवार
जावई कामावर, लेक बाजारात. म्हटलं, गंमत करू, जेवणाची खोली रंगवून ठेवू. भिंत खरवडली तर रंगाखाली पुट्टीने बुजवलेले खड्डे. दारामागे, खिडकीशी, कपाटाआड. काही जुने, दगडासारखे कडक. एकात नख रुतलं, पुट्टी अजून ताजी.
पुट्टीचा शेवटचा हात खालून वर ओढलेला. तो मीच शिकवलाय लेकीला, ती लहान असताना.
ती आली आणि पांढरीफटक पडली. का हो उघडलंत, म्हणाली. तो यायच्या आत दोघांनी बुजवलं. तिची बाही वर सरकली. तिने घाईने ओढली. पण काळेनिळे वळ मला दिसले.

८ मार्च
जावयाने ओल्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग बोट रुमालाला पुसून जेवायला बसला.
त्याची खुर्ची मधोमध. सगळे खड्डे तिच्याभोवती, बसल्या जागेवरून फेकलेलं लागेल असे.
लेक म्हणते, तुम्ही मध्ये पडू नका, बरेच दिवस शांत आहे. शांत!

९ मार्च
चल म्हणालो तिला, अंगावरच्या कपड्यांनिशी. तयार झाली. दोन कपडे तरी घेते म्हणत जेवणाच्या खोलीत पिशवी भरतेय —
फाटक वाजलं. एवढ्या लवकर कसा —
खुर्ची सरकली. पिशवी कुणाची, विचारतोय. भिंतीपलीकडूनही ऐकू येतंय, दोनदा विचारावं न लागता, स्पष्ट —
लेक सांगतेय, माझी. बाबांची नाही, माझी —
उठतो. मी