नावाडीण जिवंत धरावी

मी, खाली सही करणारी, गेमच्या गोष्टी लिहून पोट भरणारी बाई, हे मृत्युपत्र घरच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. दादाला ते पटणार नाही, म्हणून दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते, हेही इथे नमूद करते.

१. राहता फ्लॅट माझ्या पश्चात भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, मिळावा. न्हाणीघराच्या खिडकीची कडी ढिली आहे, ती जोरात ओढू नये. वहिनीला तिथे जुनं सामान ठेवायची हुक्की येईल. भाचीच्या परवानगीशिवाय एक खोकंही ठेवता येणार नाही.

२. बँकेतली ठेव वहिनीला. माझ्या आजारपणात तिने रोज डबा पोचवला आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. वरच्या कलमाचा राग तिने मानू नये.

३. हेडफोन, माइक आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची ऑफिसातल्या रेकॉर्डिंगवालीला. खुर्चीवर तिचा कधीपासून डोळा आहे. ज्या समीक्षकाने माझ्या गेमला 'गतिरोधक' म्हटलं, त्याला काहीही देऊ नये. त्याने मागितलेलं नाही, तरी नोंद असावी.

४. आता मुख्य गोष्ट. दादाने आणि मी मिळून तीन भागांचा एक गेम केला. पहिला आणि तिसरा भाग त्याचा, दुसरा माझा, आणि करारानुसार दुसऱ्याचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत. पहिल्या भागात नायक घर सोडतो, तिसऱ्यात शहर जिंकतो. माझ्या भागात पूल वाहून गेलेला असतो आणि नायक नदीकाठी एका म्हाताऱ्या नावाडणीकडे अडकून पडतो. लढाई नाही. तिची होडी दुरुस्त करायची, तिचं बोलणं ऐकायचं. होडी नीट करून दिली तर ती जगते आणि तिसऱ्या भागात पलीकडच्या काठावर उभी दिसते. तसंच टाकून निघून गेलं तर पुरात बुडते.

या भागाचा खप पडला. बहुतेकांनी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. अशा लोकांसाठी तिसऱ्या भागाला मधलं काहीतरी गृहीत धरावं लागतं. दादाने धरलं, की नावाडीण मेली.

नावाडणीचा आवाज आमच्या आईचा आहे. दादाचा हा निर्णय झाला तेव्हा ती हयात होती आणि ऑफिसात आमच्या शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "मधला भाग नाही खेळला, तर मी मेलेलीच का रे?"

"आई, गेमला काहीतरी धरून चालावं लागतं," दादा म्हणाला.

आई हसली. मला हसू आलं नाही.

आता आई नाही. तिन्ही भाग एकत्र करून पुन्हा बाजारात आणायचे आहेत, आणि दादाला मधला गाळायचा आहे. त्याच्या जागी दोन मिनिटांचा गोषवारा, आणि त्यात एक ओळ: नावाडीण बुडाली. मधल्या भागावाचून कोणाचं काय अडतं, असं तो विचारतो. गोष्ट त्याच्याविना पुढे सरकते, हे मलाही दिसतं. कधी वाटतं, मी नुसती आईच्या आवाजापायी हटून बसले आहे आणि गेम हे निमित्त आहे. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

५. वकीलबाईंचा सल्ला होता, की हक्क भाचीला द्यावेत, म्हणजे दादाला त्यांना हात लावता येणार नाही. तो मसुदा मी फाडला. बापलेकीत तंटा लावून मला जायचं नाही. दुसऱ्या भागाचे सर्व हक्क मी दादालाच देते. अट एकच: हक्क हाती घेण्यापूर्वी त्याने तो भाग स्वतः, शेवटपर्यंत खेळावा. त्याने तो कधीच खेळलेला नाही. तिसरा भाग त्याने माझ्याकडून मधल्याची गोष्ट तोंडी ऐकून केला, तीही फोनवर, दुसरं काम करता करता. भाचीने शेजारी बसावं, पण कंट्रोलर त्याच्याच हातात असावा. होडी दुरुस्त करायची की निघून जायचं, ते तो ठरवेल. त्यानंतरही गाळावासा वाटला तर गाळावा. माझी हरकत राहणार नाही. अट पुरी झाली की नाही, हे वकीलबाई पाहतील.

६. हे कलम फक्त दादासाठी. आईला माइकसमोर बोलताच येईना. समोर माणूस नाही तर बोलू कोणाशी, म्हणायची. शेवटी मी म्हटलं, दादा परगावाहून आलाय आणि दारात उभा आहे, असं समज. मग ती थांबेचना. नावाडणीचं प्रत्येक वाक्य, अगदी होडीत बसवतानाचं "आलास? बस, घाई नाही," हेसुद्धा, ती तुझ्याशी बोलली आहे. त्यातला एक शब्दही तू अजून ऐकलेला नाहीस.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे, आणि दोघांच्या देखत त्याखाली सही करते.

सही: दादाची धाकटी बहीण

साक्षीदार:
वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य
कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार