पाचव्या टप्प्यावरची दुसरी सही

रामचंद्र अनंत मुळगुंद,

तुमच्या हयातीत तुम्हाला असे पूर्ण नावाने, मागे 'सर' न लावता संबोधण्याची माझी छाती झाली नसती. तुम्ही जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. माझी पत्नी जाऊन सव्वा वर्ष. तिच्यामागे ज्या एका माणसाशी मला बोलायचे होते ते तुम्ही, आणि ते सांत्वनासाठी नव्हे. मी न्यायालयात शपथेवर तुमचे नाव उच्चारले. ज्या सुरात उच्चारले तो सूर मला आवडला, आणि हे तुम्हाला कळवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रकरण आपल्या वाटेच्या पाचव्या टप्प्याचे आहे. तुम्ही भूमापन शिकवत होतात, आणि बंगळूरच्या दक्षिणेकडून निघून तळ्यांच्या बांधांवरून, रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतांमधून, काळ्या खडकांच्या टेकड्यांवरून आठ दिवस चालत जाणारी ती जुनी पायवाट तुम्हीच आम्हा विद्यार्थ्यांना दाखवलीत. तिच्यासाठी आपण पदभ्रमण क्लब काढला. क्लबच्या मालकीची तसूभर जमीन नव्हती. होती ती फक्त वहिवाट, म्हणजे लोक उघडपणे, कोणाची परवानगी न मागता, वर्षानुवर्षे तिथून चालत आले आहेत एवढा आधार. आणि तो सिद्ध करता आला तर जमिनीचा मालक कोणीही असो, त्याला वाटेवर कुंपण घालता येत नाही. म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी आठही टप्पे एकाच दिवशी चालायचे, प्रत्येक टप्प्यावर दोन सभासद, सर्व्हे दगड जागेवर आहेत का ते पाहायचे आणि संध्याकाळी क्लबच्या मल्लेश्वरमच्या खोलीत येऊन, शिवाजीनगरात बांधून घेतलेल्या त्या जाड नोंदवहीत दोघांनी सह्या करायच्या, ही पद्धत तुम्ही घालून दिलीत. "एक वर्ष नोंद चुकली," तुम्ही म्हणायचात, "तर विरुद्ध पक्षाचा वकील त्या भोकातून बैलगाडी काढील." काढली. भोक कोणी पाडले होते, ते मी सांगतो.

ते पडायला सुरुवात झाली त्या वर्षी तुमचे गुडघे गेले होते. दुसरा टप्पा तुमचा. तो दुसऱ्या कोणाला देणे तुमच्या स्वभावात नव्हते. रविवारी सकाळी तुम्ही मला घरी बोलावलेत. तुमच्याऐवजी चालायला सांगाल असे समजून मी बूट चढवूनच आलो. तुम्ही मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवता. काकू कॉफी आणि एळ्ळू-बेल्लची वाटी पुढे ठेवतात; मी तीळ-गुळाचे दाणे चघळतो आहे आणि तुम्ही डोळे मिटून सांगू लागता. "ओढ्याला पाणी घोटाभर. चौदावा दगड पूर्वेला कललेला. रागीची कापणी झालेली."

"सर, पण आज तिथे कोणीच गेलेले नाही."

"लिही रे तू. वीस वर्षं ती वाट माझ्या पायांत आहे. ती सांगायला मला तिथे जायला हवं होय?"

मी लिहिले. खाली पहिली सही तुम्ही केलीत, दुसरी मी केली. पुढच्या वर्षी तेच झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही.

या तिन्ही रविवारी माझी जागा पाचव्या टप्प्यावर, माझ्या पत्नीबरोबर होती. ती इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेल्या मराठी घराण्यातली. तिच्या बोलण्यात कानडी पाण्यासारखी मिसळलेली असे. "सरी, बरं," पहिल्या वर्षी ती म्हणाली, "तुमच्या सरांचं होऊ दे. मी जाते एकटी. चिंचेच्या बनात मला कोण खाणार आहे?" ती गेली, सबंध टप्पा चालली, दगड मोजले, आणि दुसऱ्या सहीच्या जागी तिने स्वच्छ अक्षरात लिहिले, "दुसरे सभासद आले नाहीत." तीन वर्षे लिहिले. तिला खोटे लिहिता येत नव्हते. ते कसे लिहायचे हे त्याच दिवशी मी तुमच्या घरी शिकत होतो.

आणि मग ती वार्षिक सभा. सर्वांदेखत तुम्ही वही उघडलीत आणि तिच्या तिन्ही नोंदींवर लाल शाईने आडवे लिहिलेत, 'अग्राह्य'. "बाईसाहेब, फिरायला जाणं वेगळं आणि टप्पा राखणं वेगळं. दोन सह्या म्हणजे दोन सह्या." मागच्या रांगेत कोणीतरी हसले. तिने तुमच्याकडे पाहिलेही नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी पेनचे टोपण काढून पुन्हा लावत होतो.

बसमध्ये तिने विचारले, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"ते माझे सर आहेत."

"आणि मी कोण? स्वल्प सांगा तरी."

त्यानंतर दरवर्षी ती पाचवा टप्पा चालली, आजार बळावेपर्यंत, पण दुसरी सही तिने तिच्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेची घेतली. माझी कधीही घेतली नाही. घरात आम्ही उत्तम राहत होतो. मात्र संक्रांतीनंतरच्या रविवारी ती डबा एकटीचा भरून घेई.

काही वर्षांपूर्वी पाचव्या टप्प्यावरचे ते चिंचेचे बन प्लॉट पाडून विकणाऱ्या एका ले-आउट कंपनीने घेतले आणि वाटेवर कुंपण घातले. क्लब न्यायालयात गेला. कंपनीच्या वकिलाने आपलीच नोंदवही उघडून न्यायाधीशांपुढे धरली. "संस्थापकांनी स्वतःच्या हाताने ही तीन वर्षे बाद केली आहेत. मग अखंड वहिवाट कुठली?" मी रुग्णालयात जाऊन हे पत्नीला सांगितले. "सरांचीच शाई?" ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली; त्या आजारपणात ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यात ती गेली.

मी साक्ष देणार हे कळल्यावर क्लबची चिटणीस माझ्याकडे आली. ही पुण्याची मुलगी, कोरमंगल्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. "काका, प्लीज. वकील म्हणतायत दुसरं काहीतरी आर्ग्युमेंट काढू. सरांच्या नोंदी खोट्या ठरल्या तर सेकंड टप्पा गेला ना आपला! एक वाचवायला दुसरा घालवायचा?"

"होय," मी म्हणालो.

"आणि सरांचं नाव?"

"ते तर घालवायचेच आहे."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी सगळे सांगितले. टेबल, कॉफी, मिटलेले डोळे, चौदावा दगड. ज्याने 'अग्राह्य' लिहिले त्याने त्याच तीन वर्षांत स्वतः एक पाऊलही न चालता नोंदी केल्या, आणि मी त्याचा लेखनिक होतो. पत्नी एकटी का होती, या प्रश्नाला मी उत्तर दिले, "कारण रामचंद्र अनंत मुळगुंद यांनी मला बोलावून ठेवले होते." निकाल गेल्या आठवड्यात लागला. स्वतःची उणीवही जी बाई लिहून ठेवते तिच्या नोंदीवर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. पाचव्या टप्प्यावरचे कुंपण उतरले. आणि तुमच्या दुसऱ्या टप्प्यावर, ओढ्याच्या अलीकडे, तिथल्या मालकाने माझ्या साक्षीची प्रत हातात घेऊन लोखंडी फाटक बसवले. मी मुद्दाम पाहून आलो. गजांना हात लावला. ज्या वाटेवर तुम्ही मला चालायला शिकवलेत ती बंद झालेली पाहून मला दुःख होईल असे वाटले होते. झाले नाही. खोलीतली तुमची तसबीर उतरवण्याचा ठराव झाला तेव्हा खुर्चीवर चढून ती मीच उतरवली.

तुमच्यामागे इतकी वर्षे करत आलेले नोंदवहीचे काम मी सोडले आहे. खोटी सही करणाऱ्याने ते करू नये, असे सभासदांचे म्हणणे पडले, आणि ते रास्त आहे. हे पत्र वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवावे, असा विचार करून मी आज इथे, क्लबच्या खोलीत, लिहायला बसलो. चिकटवणार नाही, घडी घालून घरी नेणार आहे. तिसऱ्या वर्षी तुम्ही मला बोलावले नव्हते. मी आपण होऊन आलो होतो, आणि दार उघडून तुम्ही म्हणाला होतात, "अरे, आज तिच्याबरोबर जा. माझं यंदा राहू दे कोरं." मी आत आलो आणि बसलो. तुमच्यासमोर लेखणी धरून बसण्यात मला मोठेपणा वाटत असे, आणि ती एकटी जाते हे एव्हाना मला अंगवळणी पडले होते. न्यायालयात हे मला कोणी विचारले नाही. तिनेही विचारले नाही.

सायंकाळी साडेपाच वाजता खोलीच्या दाराला कुलूप लावले. किल्ल्या चिटणीसांकडे परत केल्या.